इल्पोचं बूड टेकवणारी रेकॉर्ड

आमच्या इल्पोच्या पायाला भिंगरी आहे असं मी म्हणते ते उगाच नाही. हा माणूस जेवतोसुद्धा उभ्याने. एका हातात उकडलेला बटाटा, दुसऱ्या हातात लोण्याची सुरी, आणि स्वयंपाकघरात खिडकी ते दार, दार ते खिडकी. त्याची बायको रित्वा त्याला सोडून गेली तेव्हा माझ्याकडे येऊन म्हणाली होती, "विर्पी, मी इतकी वर्षं स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये संसार केला गं. गाडी काही आली नाही." तिला मी दोष देत नाही. इल्पोही देत नाही. तो म्हणतो, रित्वाचं बरोबर होतं, आणि म्हणता म्हणता उठून नळ घट्ट करून येतो.

नोकरीही त्याला त्याच्यासारखीच मिळाली. इथे फिनलंडात, आमच्या योएन्सूच्या हॉकी मैदानावर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतो. गोल गोल, दिवसभर गोल. आणि चालवताना कानात जे वाजत असतं ते एखाद्या सरळ माणसाने ऐकलं तर तो यंत्र कडेला लावून घरी जाईल. मॅथ रॉक म्हणतात त्याला. गाणारं कोणी नाही, नुसती गिटार, बेस आणि ड्रम, आणि ताल असा की सात मात्रा झाल्या म्हणून तुम्ही मान डोलवायला जावं तर आठव्याला ते पाचात शिरलेले असतात. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं होतं. इल्पोला तेच आवडतं. त्याच्या डोक्यात आधीच ते चालू असतं, बाहेरून ऐकू आलं की त्याला सोबत वाटते.

मी त्याला हसते, पण मला हसायचा अधिकार नाही हेही सांगून टाकते. मी दातांच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांच्या जबड्यात ड्रिल ऐकायचं आणि घरी येऊन डेथ मेटल लावायचं, अशी मी बाई. आमच्या गावात याचं कोणाला काही वाटत नाही. आमच्या पाद्रीबाईसुद्धा ड्रम वाजवतात.

तर आमचं एक पंचमंडळ आहे. लहानपणी टीव्हीवर असे पंच बसायचे, रेकॉर्ड ऐकायचे आणि गुण द्यायचे, त्याची ही नक्कल. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी कामगार भवनाच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो. प्रत्येकाने एक अशी रेकॉर्ड आणायची की जी बाकीच्यांनी ऐकलेली नाही. पाकीट दाखवायचं नाही. वाजत असताना बोलायचं नाही. संपल्यावर सगळ्यांनी एकदम गुणांचे पुठ्ठे वर करायचे, शून्य ते दहा, आणि मग भांडायचं. अंगात कवट्यांचे काळे शर्ट, समोर वेलचीचे पाव, आणि भात भरलेल्या राईच्या पिराक्कांवर अंडं कुस्करलेलं लोणी कोणी जास्त घेतलं यावरून कुजबुज. कोणी पोलंडमधल्या तळघरातली कॅसेट आणतं, कोणी ओसाकाच्या तिघांनी घरी छापलेला अल्बम. पुठ्ठे बहुतेक चार, पाच, सहा. सुलेवी, जो सुपरमार्केटात मटणाच्या काउंटरवर उभा असतो आणि ज्याचं तोंड त्याच्या सुऱ्यांपेक्षा जास्त चालतं, तो म्हणायचा, "दहा देवाला. आणि देवाने अजून अल्बम काढलेला नाही."

मग दहा वर्षांपूर्वी एका शरद ऋतूत इल्पोने ती रेकॉर्ड आणली. ओउतोकुंपूला चर्चच्या जुन्या बाजारात, लहान मुलांच्या स्कींच्या खाली एका खोक्यात पडलेली. काळं पाकीट, नाव नाही, गाव नाही. फक्त हाताने छापलेलं एक चंदेरी कडं, एका बाजूला तुटलेलं. आतलं लेबल कोरं करकरीत. मला सकाळी फोन आला.

"विर्पी, मी बसलो."

"कुठे बसलास?"

"खुर्चीत."

"किती वेळ?"

"अख्खी एक बाजू."

मला वाटलं याला झटका आला. मी तशीच गाडी काढून गेले. तर हा बाबा खरंच खुर्चीत, हात मांडीवर, पाय जमिनीला. आणि स्पीकरमधून एक असं काही येत होतं की मी कोट न काढता उभी राहिले. संथ. इतकं संथ की दोन ठोक्यांच्या मध्ये माणसाने भांडी घासून घ्यावीत. ओल्या लाकडांनी लादलेली बर्फावरची घसरगाडी कोणीतरी चढावर ओढतंय, दमतंय, पण सोडत नाही, असं ते वाजत होतं. गिटार आणि बेस जमिनीच्या खालून आल्यासारखे. आणि मधे मधे, तालाने वळण घ्यायच्या आधी, एक लांब खोल आवाज यायचा. हूऽऽ असा आत ओढलेला. तो कशाचा हे आम्हाला तेव्हा कळलं नाही आणि पुढे दहा वर्षं कळलं नाही.

पंचमंडळात ती वाजली तेव्हा सगळ्यांचे पुठ्ठे दहाचे. सुलेवीने दहा दाखवला आणि नाक शिंकरायला बाहेर गेला. त्यानंतर त्या रेकॉर्डचं आम्ही काय काय केलं ते सांगायला मला आता थोडं कसंतरीच होतं. दरवर्षी तिचा वाढदिवस. ज्येष्ठमधाच्या गोळ्या चिकटवलेला काळा केक. सुलेवीने उजव्या हातावर ते तुटकं कडं गोंदवून घेतलं. इल्पोने इंटरनेटवर तिच्याबद्दल लिहिलं, थोडी ऐकवली, आणि जर्मनीतल्या दोन बँडनी तसंच संथ वाजवायला सुरुवात केली. त्या आवाजावरून तर दर वर्षी भांडण. सुलेवी म्हणे ते अस्वल आहे, खाणीत नेऊन मुद्दाम रेकॉर्ड केलेलं. मी म्हणे भाता आहे. पाद्रीबाई एकदा आल्या होत्या, त्या म्हणाल्या ऑर्गन बिघडला की असा आवाज येतो.

पण माझ्यापुरती गोष्ट एवढीच होती की रोज कामावरून आल्यावर इल्पो ती लावायचा आणि बसायचा. दिवसातून एकदा त्याचं बूड खुर्चीला टेकायचं. त्याची झोप सुधारली. चेहऱ्यावर जरा मांस आलं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नव्हतं ते त्या काळ्या पाकिटाने केलं, आणि मी मनातल्या मनात त्या अनोळखी वाजवणाऱ्यांचे हजारदा आभार मानले.

इल्पोला मात्र ते कोण हे शोधायचंच होतं. मी म्हटलं, "मिळालंय ना सुख, गप घे." तर तो कुठला ऐकतोय. शेवटी या जानेवारीत ओउतोकुंपूच्या शाळेतल्या एका निवृत्त शिपायाने ते कडं ओळखलं. सोर्वी नावाचा तिघांचा बँड होता, म्हणे. तिथली तांब्याची खाण बंद झाली त्याच सुमाराचा. सोर्वी म्हणजे लेथ, धातू कातायचं यंत्र. बेस वाजवणारी तुइया साल्लिनेन अजून गावातच आहे, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. ड्रमवर तिचा धाकटा भाऊ रेइमा होता. गिटारवाला स्वीडनला गेला तो गेलाच.

इल्पोने तुइयाला फोन केला तेव्हा मी तिथेच होते. स्वयंपाकघरात त्याच्या फेऱ्या चालू. बाईला आधी खरंच वाटेना. म्हणाली, रेकॉर्ड छापून आली त्याच हिवाळ्यात रेइमा गेला, स्नोस्कूटर घेऊन तळ्यावर, बर्फ पातळ होता. आईने सगळ्या प्रती देऊन टाकल्या, घरात एकसुद्धा ठेवू दिली नाही. तुइयाने तेव्हापासून ते काही ऐकलेलं नव्हतं.

"थांबा, ऐकवतो," इल्पो म्हणाला आणि फोन स्पीकरसमोर धरला. मला वाटलं आता ती रडेल, आम्हीही रडू, आणि सगळं छान होईल.

थोड्या वेळाने फोनमधून आवाज आला, "हे आमचं नाही."

"पण पाकिटावर कडं आहे, तुटलेलं."

"कडं असेल आमचं. वाजतंय ते आमचं नाही. रेइमा असा वाजवत नव्हता. हे कुणीतरी म्हातारं माणूस वाजवतंय." आणि मग "असं परत कुणाला करू नका हो," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

तोंडात मारल्यासारखा इल्पो उभा राहिला. त्या दिवसापासून रेकॉर्ड बंद. लावेचना. खुर्चीवर जुनी वर्तमानपत्रं. मैदानावर म्हणे तो इतक्या फेऱ्या मारत होता की खेळाडू काठ्या आपटून ओरडायला लागले. रात्री त्याच्या खालच्या मजल्यावरची म्हातारी मला फोन करायची, "विर्पी, तुझा मित्र माझ्या छतावर चालतोय." माझा जीव टांगणीला लागला. त्या बाईचाही राग आला मला, खोटं कशाला बोलू. तुझं नसेल तर नसेल, पण आमचं होतं ना.

आठवड्याने मी त्याच्याकडे गेले ते मुद्दाम एक छोटी रेकॉर्ड घेऊन, ब्रिस्टलच्या पोरींची, दोन गाण्यांची. छोट्या रेकॉर्डी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगावर लावाव्या लागतात आणि मोठ्या सहसा तेहेतीसच्या, हे आमच्यात शेंबड्या पोराला माहीत. मी बटण पंचेचाळीसवर केलं, गाणी झाली, इल्पोने स्वयंपाकघरातून 'सहा' असं ओरडून सांगितलं. मग माझं मलाच राहवेना. पाकिटातून ती मोठी काळी रेकॉर्ड काढली आणि लावली. बटण परत तेहेतीसवर करायचं विसरले.

स्वयंपाकघरात बटाटा पडल्याचा आवाज झाला.

घसरगाडीबिडी काही नाही. जे बाहेर आलं ते पळत आलं. गिटार खिडकीवरच्या पाखरासारखी, बेस तिच्या मागे, आणि ड्रम सगळ्यांच्या पुढे. तोच सूर, त्याच जागा, पण दहा वर्षं झोपलेलं माणूस उठून नाचायला लागावं तसं. इल्पो दारात उभा होता आणि बोटांवर मोजत होता. "सात, सात, सहा, अकरा," असं पुटपुटत. वळणावरचा आमचा तो गूढ आवाज आता नुसता उचकीसारखा झाला होता, लक्ष दिलं नाही तर कळणारही नाही.

मी सुई उचलली.

"दहा वर्षं, विर्पी," तो म्हणाला. "मी. जो सुलेवीला ताल शिकवतो, तो मी."

"लेबल कोरं होतं रे, वेग कुठे लिहिला होता? गाणारा असता तर कळलं असतं."

"गाणारा असता तरी आम्हाला तो आवडलाच असता. संथ, घोगरा. त्यालाही दहा दिले असते." यावर आम्ही हसलो, पण त्याचं हसू लगेच मावळलं. त्याने परत लावायला सांगितली. पंचेचाळीसवर. मी त्याच्या पायांकडे पाहत होते. एक मिनिटही स्थिर नाहीत. खिडकी, दार, खिडकी.

"हे तिचं आहे," तो म्हणाला. "सुंदर आहे. आणि हे मला बसू देत नाही."

मी स्पष्ट सांगितलं. "हे बघ, तिने फोन ठेवलाय. विषय संपला. तू तेहेतीसवर लाव, खुर्चीवरची रद्दी काढ आणि बस. कोणाचं काय जातंय?"

"तिच्याकडे एक प्रतही नाही," इल्पो म्हणाला. "तिच्या भावाचं सगळं एवढंच उरलंय, ते माझ्या कपाटात आहे, आणि मी तिला फोनवरून तिसऱ्याच कुणाचं तरी ऐकवलं. आता मूग गिळून बसू?" मग मान खाली घालून म्हणाला, "ते खरं वाजायला लागलं की माझं ते खोटं ठरणार, हे मला कळतंय गं. खोट्यासमोर बसून मला शांत वाटणार नाही. पण सांगायला तर हवं."

त्याने तेव्हाच फोन लावला. "मी वेगच चुकीचा लावला होता," एवढं तुइयाला सांगितलं, आणि पुढच्या पहिल्या रविवारी कामगार भवनात बोलावलं.

पंचमंडळाला त्याने तुइया यायच्या आधी सांगितलं. उभ्याने, अर्थातच. सुलेवीने बाही वर केली आणि हाताकडे पाहिलं. "म्हणजे हे काय आहे? गिअर चुकल्याचं प्रमाणपत्र?" म्हणाला. "आणि जर्मनीतल्या त्या पोरांना कोण कळवणार? त्यांनी केस वाढवलेत रे यासाठी." पण आवाजात नेहमीचा दम नव्हता. त्यालाही वाईट वाटत होतं, ते लपवायला तो पिराक्कांच्या ताटाकडे वळला.

तुइया आली. बुटकी, पन्नाशी उलटलेली, डोक्यावर लोकरीची टोपी, ती तिने काढलीच नाही. इल्पो तिला सारखा अहो-जाहो करत होता तर म्हणाली, "मला 'तुम्ही' काय म्हणतोस, मी काय बिशप आहे?" त्यामुळे जरा मोकळं झालं. तिला मधल्या खुर्चीत बसवलं. इल्पोने बटण दोनदा तपासलं आणि पंचेचाळीसवर सुई ठेवली.

पहिल्या चार ठोक्यांत तिने तोंडावर हात नेला. मग हात खाली आला आणि डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर चालायला लागली, बेसच्या तारांवर चालावीत तशी. तीस वर्षांहून जास्त झाली असतील, पण बोटं एकदाही चुकली नाहीत. आणि ती हसत होती. बाजू संपली तेव्हा नियमाप्रमाणे आम्ही पुठ्ठे वर करायचे होते, पण कोणाचा हात वर जाईना. ती म्हणाली, "हेच. हेच होतं. थँक्यू."

तिथे सगळं संपवता आलं असतं. इल्पो खिडकीपाशी उभा होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्याचं काम झालं होतं आणि त्याची खुर्ची गेली होती.

सुलेवीला मात्र कधी गप्प बसायचं ते कळत नाही, देवाची कृपा. "यात अस्वल नाहीच," तो हळहळून म्हणाला.

"कसलं अस्वल?" तुइयाने विचारलं.

"संथ लावली की वळणावर अस्वल येतं. आत हवा ओढतं, हूऽऽ करून. ही म्हणते भाता आहे."

तुइयाने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "कुठल्या वळणावर?"

"प्रत्येक," इल्पो म्हणाला. "सातातून सहात जाताना. पण तू ऐकू नकोस. तू म्हणालीस ना, म्हातारं माणूस."

"लाव," ती म्हणाली.

इल्पोने बटण तेहेतीसवर केलं. आमची जुनी घसरगाडी चढावर निघाली. तुइयाचा चेहरा फोनवर झाला असेल तसाच झाला, कोणीतरी परक्याच घरात बसवल्यासारखा. मला वाटलं आता ही उठेल.

मग पहिलं वळण आलं आणि तो आवाज आला. लांब, खोल, आत ओढलेला.

"हा रेइमा आहे," ती म्हणाली.

आमच्यात वाजताना बोलत नाहीत. तिला कोणी अडवलं नाही.

"दातांतून हवा ओढायचा तो. काही अवघड करायच्या आधी. सूप पितानासुद्धा ओढायचा, आई चमच्याने मारायची त्याला. त्याच्यापुढेच माइक होता, त्याच्यात आलंय." पुढचं वळण आलं, तो आवाज परत आला, ती थांबली आणि तो संपेपर्यंत बोलली नाही. "इतका घाईत असायचा. ताट अर्धं टाकून उठायचा. त्या दिवशी कॉफी ओतली होती मी, तीही तशीच राहिली. म्हणाला, आलोच."

प्रत्येक वळणाच्या आधी ती जराशी पुढे झुकायची आणि तो श्वास आला की मागे टेकायची. सुलेवीने गोंदलेल्या हातावर दुसरा हात ठेवला होता. बाहेर अंधार पडायला लागला होता, दिवा लावायला कोणी उठलं नाही.

बाजू संपली. सुई शेवटच्या खोबणीत खरखरत फिरायला लागली. इल्पो उचलायला पुढे झाला आणि म्हणाला, "माफ कर. चूक आमचीच. आता परत बरोबर लावतो."

"नको," तुइया म्हणाली. "दुसरी बाजूही अशीच लाव. एवढा वेळ तो माझ्याजवळ कधी बसलाच नव्हता रे."

इल्पोने बाजू उलटली, बटणाला हात लावला नाही, आणि येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला.